बॅटरी उलटी लागली, आणि तरीही इंजिन चाललं

(या भागाच्या रेकॉर्डिंगचा हा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय.)

गेले दोन-तीन भाग आपण सर्व्हर, डेटाबेस यांवरच बोलत होतो. आजचा भाग त्यातला नाही. आज होडीच्या इंजिनाबद्दल बोलायचंय, आणि त्याची जी वाट लागली ती माझ्या हातून लागली. यात मेकॅनिकचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, कंपनीचा तर नाहीच. सगळा माझा. हे आधी सांगून टाकतो, कारण तेव्हा वेळेवर सांगितलं नव्हतं.

माझे मामा देवबागला असतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मालवणच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, तो संगम. मामांची फायबरची होडी आहे. सीझनमध्ये पर्यटकांना संगमावर, डॉल्फिन दाखवायला वगैरे नेतात, एरवी मासेमारी. मागे ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर: ४० हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, सेल्फ स्टार्टची. दोरीही आहे, पण ४० हॉर्सपॉवरचं इंजिन दोरीने ओढायचं म्हणजे काय ते ओढणाऱ्यालाच कळतं. आणि मामांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय. खरं तर सेल्फ घेतला तोच त्यासाठी.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो होतो. जुनी बॅटरी गेली होती, मामांनी नवी आणून ठेवलेली. मी म्हटलं, मी बसवतो. बीटेक झालेला भाचा आहे, बॅटरी बसवणं म्हणजे काय मोठं काम! [हसतो]

आता बघा, चूक कशी होते. मी काळजीपूर्वक केलं, हे गंमतशीर आहे. जुनी काढायच्या आधी नीट बघून ठेवलं की कुठली केबल डावीकडे, कुठली उजवीकडे. दोन्ही केबली सूर्य आणि खाऱ्या हवेने सारख्याच काळपट झालेल्या. लाल केबलचं लाल फक्त नावाला, तेही लगच्या टोकापासून वीतभर मागे. मग नवी बॅटरी ठेवली आणि डावी डावीला, उजवी उजवीला.

बॅटऱ्यांमध्ये एल आणि आर असे दोन प्रकार येतात. माप तेच, ताकद तीच, फक्त पॉझिटिव्हचा खांब कुठल्या बाजूला, एवढाच फरक. मॉडेल नंबरच्या शेवटी ते अक्षर असतं. जुनी एक होती, नवी दुसरी. गाडीत ही चूक थोडी अवघड होते, कारण पॉझिटिव्हचा खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो आणि क्लॅम्प नीट बसत नाही. शिवाय केबल तोकडी पडते. होडीत लांब केबली, गोल लग, वरून नट. कशालाही काहीही बसतं. आमच्या लाईनमधल्या लोकांना सांगतो, नावाने द्यायचं आर्ग्युमेंट मी जागेने दिलं, आणि समोरच्याने दरम्यान क्रम बदललेला.

दुसरा लग टेकवल्याबरोबर चट्कन् ठिणगी. छोटी नाही, निळी-पांढरी, आवाजासकट. मी हात मागे घेतला. फार तर सेकंदभर टेकला असेल. मग प्लस-मायनसची चिन्हं बघितली आणि पोटात गोळा आला.

इथे थोडं थांबून, त्या सेकंदात आत काय झालं ते सांगतो. पुढचं सगळं त्यावर आहे.

इंजिनाच्या फ्लायव्हीलखाली एक कॉइल असते, तिच्यात एसी करंट तयार होतो. बॅटरी चार्ज करायला डीसी लागतो. मध्ये रेक्टिफायर. आमच्याकडे तो आगपेटीएवढा डबा आहे, आत चार डायोड. डायोड म्हणजे विहिरीच्या पंपाचा फूट व्हॉल्व समजा, एकाच बाजूने जाऊ देतो. बॅटरी सुलटी असते तेव्हा तिच्या बाजूने चारही व्हॉल्व बंद. करंट कॉइलकडून येऊ शकतो, उलटा जाऊ शकत नाही. बॅटरी उलटी लावली की चारही व्हॉल्व एकदम उघडतात. मध्ये ना बल्ब, ना मोटर, काही नाही. दोन डायोडची एक वाट, दोन डायोडची दुसरी वाट, सरळ प्लसपासून मायनसपर्यंत. इंजिन फिरवू शकणारी बॅटरी अशा वाटेला किती करंट देईल? वायर सोसेल तितका.

त्या वाटेवर एक २० अँपिअरचा फ्यूज आहे. म्हणजे ही शर्यत असते, फ्यूज आधी जातो की डायोड. फ्यूजलाही वितळायला वेळ लागतो, थोडाच, पण लागतो. तेवढ्यात डायोडच्या आतली चिप, जी नखापेक्षा लहान असते, ती तापते. फ्यूज जिंकला तर तुम्ही पन्नास रुपयांत सुटलात. पुष्कळदा दोघेही हरतात.

महत्त्वाचं म्हणजे, हे व्हायला चावी फिरवावी लागत नाही. रेक्टिफायर चावीच्या अलीकडे, थेट बॅटरीला जोडलेला असतो. ‘मी स्टार्ट केलंच नाही, नुसती टेकवली’ याला काही अर्थ नाही.

मग मी काय केलं? जे बहुतेक सगळे करतात तेच. केबली सुलट्या केल्या, फ्यूज बघितला, गेलेला. डब्यात एक जादा होता, तो घातला. टिकला! चावी फिरवली, सेल्फ फिरला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू. मामा किनाऱ्यावरून ओरडले, “झाला काय रे?” मी म्हटलं, “झाला.” ठिणगीचं, फ्यूजचं काही बोललो नाही. मनात म्हटलं, चालू झालं म्हणजे वाचलो. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने पुण्याला.

पाचव्या दिवशी मामांचा फोन. आदल्या संध्याकाळी सात पर्यटक घेऊन संगमावर गेले होते. फोटो काढायला इंजिन बंद केलं. परत चावी फिरवली तर नुसतं टक्. बॅटरी संपलेली. सुकती चालू झालेली, म्हणजे खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे ओढ घेतंय, आणि तोंडावर लाटा फुटतायत. मामांनी दुखऱ्या खांद्याने दोरी ओढली. चौथ्या का पाचव्या ओढीला इंजिन लागलं. कुणाला काही झालं नाही. पर्यटकांना तर कळलंही नसेल. मामा फोनवर एवढंच म्हणाले, “नयी बॅटरी फसवी लागली वाटता. दुकानवाल्याक परत देतंय.”

म्हणजे दोष जात होता त्या दुकानदाराकडे. तेव्हा मी सांगितलं. “मामा, बॅटरी चांगली आसा. माझ्या हातान उलटी लागलेली.” पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “मगे तेवाच सांगूक काय झाला होता?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शुक्रवारी रात्री गाडी पकडली.

आता चाचणीचा भाग. आधी तो प्रश्न, की डायोड मेलेले असताना फ्यूज टिकला कसा, इंजिन चाललं कसं? कारण याच दोन गोष्टींनी मला फसवलं.

इंजिन चाललं, कारण या टू-स्ट्रोकचं इग्निशन बॅटरीवर नसतंच. फ्लायव्हीलखाली त्याची वेगळी कॉइल असते, ती सीडीआयला वीज देते. बॅटरी काढून समुद्रात टाकली तरी दोरीने इंजिन चालू होईल. म्हणून तर मामा परत आले. आणि सेल्फ फिरला, कारण बॅटरी नवीन होती. इंजिन सुरू होणं हा रेक्टिफायर ठीक असल्याचा पुरावाच नाही.

फ्यूजचं असं, की एका वाटेवर दोन डायोड असतात. त्यातला एक शॉर्ट झाला, म्हणजे व्हॉल्व कायमचा उघडा पडला, तरी दुसरा चांगला असेल तर सुलट्या बॅटरीला तो अडवतो. फ्यूजवर ताण येत नाही. एका वाटेवरचे दोन्ही शॉर्ट झाले असते तर नवा फ्यूज क्षणात गेला असता आणि मला तिथेच कळलं असतं. अर्धवट मोडलेलं असल्यामुळे ते लपलं.

शनिवारी सकाळी होडी शेडमध्ये ओढलेली होती. साधा मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, वहीचा कागद. मामा बाजूला बसून जाळं विणत होते, बोलत नव्हते.

पहिलं, बॅटरीच्या दोन्ही केबली सोडवल्या, निगेटिव्ह आधी. बॅटरी रात्रभर मामांच्या चार्जरवर होती. व्होल्टेज १२.७. पूर्ण भरलेली साधारण १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. म्हणजे बॅटरी निर्दोष. सेकंदभर उलटं लागल्याने बॅटरीचं फारसं काही बिघडत नाही. धोका ठिणगीचा असतो, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. माझा चेहरा तिच्यावर वाकलेला होता हे आठवून आजही बरं वाटत नाही.

दुसरं, सुलटी जोडून इंजिन चालवून व्होल्टेज बघितलं. हे कोरडं करायचं नाही. पाण्याशिवाय चालवलं तर इम्पेलर जातो. इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून चालवलं. चार्जिंग होत असेल तर थोडा वेग दिल्यावर आकडा चढून साडेतेराच्या वर जायला हवा. आमचा १२.५ वर बसला आणि पॉइंटपॉइंटने उतरत गेला. म्हणजे शून्य चार्जिंग. जी काही वीज होती ती दुकानातून भरून आलेली, तीच मामा पाच दिवस खात होते.

आता दोष कॉइलचा की रेक्टिफायरचा? रेक्टिफायरला चार वायरी: कॉइलकडून दोन हिरव्या, बॅटरीकडे लाल, बॉडीला काळी. तुमच्या इंजिनात रंग वेगळे असतील, पुस्तकात बघा. इथे मी एक चूक केली, तिने अर्धा तास खाल्ला. वायरी न सोडवता मोजलं. दोन्ही हिरव्यांना सारखेच आकडे, डोकं चालेना. कारण साधं होतं. कॉइल म्हणजे शेवटी तांब्याची तार, तिने दोन्ही हिरव्या एकमेकींना जोडलेल्याच होत्या. चारही वायरी सोडवून डबा हातात घेतला तेव्हा चित्र साफ झालं.

मीटर डायोडच्या खुणेवर. प्रत्येक हिरवी ते लाल, काळी ते प्रत्येक हिरवी, दोन्ही दिशांनी. एकूण आठ आकडे. चांगला डायोड एका दिशेने ४५० ते ७०० च्या मधला आकडा देतो, ते मिलिव्होल्ट. उलट्या दिशेने साध्या मीटरवर डावीकडे नुसता १ उभा राहतो, म्हणजे वाट बंद. दोन डायोडनी ५२० च्या आसपास दाखवलं, छान. पहिली हिरवी ते लाल: ००२, दोन्ही दिशांनी. हा शॉर्ट. काळी ते दुसरी हिरवी: दोन्ही दिशांनी १. हा पूर्ण तुटलेला. एक कायमचा उघडा, एक कायमचा बंद. कागदावर चौकोन काढून करंट कुठून जाईल ते बघितलं. एका अर्ध्या फेरीला परतीची वाट नाही. दुसऱ्या अर्ध्या फेरीत करंट बॅटरीकडे न जाता शॉर्ट डायोडमधून पुन्हा कॉइलमध्येच. शून्य का होतं ते तिथे कळलं.

आणि पोटात दुसरा गोळा आला तोही तिथेच. कॉइल पाच दिवस स्वतःतच शॉर्ट होऊन तापत होती. रेक्टिफायर बाहेरून दोन स्क्रूने निघतो. कॉइलसाठी फ्लायव्हील उतरवावं लागतं, पुलर लागतो, मेकॅनिक लागतो. तो खर्च वेगळाच. कॉइलचा रेझिस्टन्स एका ओहमच्याही आत असतो, आणि स्वस्त मीटरच्या वायरींचाच तीन-चार दशांश असतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आकडा बघायचा: ०.४. मग हिरवी ते हिरवी: ०.९. वजा केलं, अर्धा ओहम. पुस्तकातल्या मर्यादेत. हिरवी ते बॉडी: १, म्हणजे गळती नाही. प्लगजवळ नाक नेऊन वासही घेतला. जळकं काही नाही. वाचली.

मामांनी पहिल्यांदा विचारलं, “कितक्याक पडात?” मी म्हटलं, माझ्याकडे लागलं. ते परत जाळ्याकडे वळले.

भाग यायला चार दिवस लागणार होते, आणि सीझनचे चार दिवस होडी उभी ठेवता येत नाही. म्हणून जुना रेक्टिफायर काढूनच टाकला, हिरव्या दोन वायरींना वेगवेगळी टेप केली, कारण इंजिन चालू असताना मोकळ्या टोकांवर बऱ्यापैकी व्होल्टेज येतं. बॅटरी रोज रात्री घरच्या चार्जरवर. आमच्या साध्या दोन वायरींच्या कॉइलला हे चालतं. फोर-स्ट्रोक इंजेक्शनच्या इंजिनाला असलं काही करू नका.

फोर-स्ट्रोकचं थोडक्यात सांगतो, कारण आता किनाऱ्यावर तीही बरीच दिसतात. तिथे तीन फेज, म्हणजे कॉइलच्या तीन वायरी आणि सहा डायोड, वर रेग्युलेटर. शिवाय ईसीयू, फ्युएल पंप, इंजेक्टर, सगळं विजेवर. काहींमध्ये उलट्या बॅटरीपासून ईसीयूला संरक्षण असतं, पण ते गृहीत धरू नये. क्रम असा धरा: सगळे फ्यूज मीटरने बघायचे, डोळ्याने नाही. चावी ऑन केल्यावर मेन रिले टक् करतो का, फ्युएल पंप दोन-तीन सेकंद घुरघुरतो का. मग रेक्टिफायर. हे सगळं होईपर्यंत ‘ईसीयू गेला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आणि रेक्टिफायर तपासल्याशिवाय नवा ईसीयू तर मुळीच लावू नका. बिघडलेला रेग्युलेटर व्होल्टेज मोकाट सोडतो, आणि नवा ईसीयूही त्याच दिवशी जातो.

बाकी होडीवरचं: फिश फाइंडरचा ३ अँपिअरचा फ्यूज गेलेला, नवा घातला, चालू. अशा यंत्रांच्या तोंडाशी बहुधा एक डायोड असतो, तो उलट्या करंटला स्वतः अंगावर घेऊन फ्यूज उडवतो. त्याला मधे फ्यूज होता म्हणून वाचलं. मोबाइल चार्जरला फ्यूज नव्हता, तो मेला. पाणी उपसायचा पंप ठीक. तो उलटा लागला तर उलटा फिरतो, इतकंच.

पुढच्या शनिवारी परत गेलो, नवा रेक्टिफायर घेऊन. या वेळी बॅटरी थेट जोडली नाही. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, दोन वायरी लावल्या. निगेटिव्ह जोडली, आणि पॉझिटिव्ह केबल व खांब यांच्या मध्ये तो बल्ब. चावी बंद असताना बल्ब पेटला तर आत कुठेतरी सरळ वाट आहे, थांबा. बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही. बॅटरी उलटी असेल तरी हाच बल्ब लख्ख पेटतो. त्या दिवशी हा चाळीस रुपयांचा बल्ब माझ्या हातात असता तर हा भाग झालाच नसता.

बल्ब पेटला नाही. केबल जोडली. पिंपात इंजिन चालवलं, वेग दिला: १३.२, १३.६, १४.१. मी मीटर मामांकडे फिरवला. चष्मा लावून बघितला त्यांनी. मग उठून घरात गेले आणि मामीची लाल नेलपॉलिश घेऊन आले. पॉझिटिव्हचा लग, खांब आणि बॅटरीच्या खोक्याची कड, तिन्ही रंगवली. माझ्याकडे बाटली देत म्हणाले, “फुडल्या खेपेक तूच बसय. पण माका हाक मारून.”

दुकानदाराला त्यांनी फोन करून बॅटरी परत देत नसल्याचं सांगितलं. कारणही सांगितलं, माझ्या नावासकट. [हसतो] आता देवबागात मी उलटी बॅटरीवाला भाचा आहे.

तुमच्याकडे इंजिनाचे असे आकडे, फोटो असतील तर पाठवा, इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते नक्की लिहा. पुढच्या भागात परत सर्व्हरवर येऊ. भेटू.